सर्व्हिस बंद पडते, पण अलर्ट येत नाही: पुन्हा पुन्हा होणाऱ्या या त्रासाचं निदान

सर्व्हरवरची एखादी सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) रात्री कधीतरी बंद पडते. मॉनिटरिंग बसवलेलं असतं, अलर्टचा नियम लिहिलेला असतो, चाचणीच्या दिवशी मेलही आलेला असतो. तरी पहिली खबर येते ती सकाळी वापरकर्त्याच्या फोनवरून. मग कोणीतरी नियमात थोडा फेरफार करतं, सर्व्हिस हाताने बंद करून बघतं, मेल येतो, तिकीट बंद होतं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच रडगाणं.

हा त्रास परत परत होण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. सर्व्हिस थांबण्याच्या तऱ्हा चार-पाच आहेत आणि लावलेला नियम त्यातली एकच ओळखतो. चाचणीही नेमकी त्याच तऱ्हेची केली जाते, त्यामुळे ती दर वेळी पास होते. म्हणून नियमाला हात लावण्याआधी, या वेळी सर्व्हिस नेमकी कशी थांबली ते शोधायचं. उलट क्रमाने गेलात तर फक्त वेळ जातो.

आधी इतिहास उघडा

पहिला प्रश्न असा: सर्व्हिस बंद असताना मॉनिटरिंगला ते दिसलं होतं का? झॅबिक्स, प्रोमिथियस आणि नागिऑस ही मॉनिटरिंगची प्रचलित साधनं. झॅबिक्स असेल तर त्या आयटमचा, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या गोष्टीचा, इतिहास उघडा, प्रोमिथियस असेल तर त्या मेट्रिकचा त्या तासाचा आलेख काढा, नागिऑस असेल तर अलर्ट हिस्टरी बघा. नुसती टास्क शेड्युलरवरची (ठरल्या वेळी कामं चालवणारी विंडोजमधली सोय) स्क्रिप्ट असेल तर टास्कची हिस्टरी आणि स्क्रिप्टचा लॉग. (लॉगच लिहिला जात नसेल, तर आजचं पहिलं काम तेच.)

उत्तर तीनपैकी एक असतं. मॉनिटरिंगला दिसलं, समस्या नोंदली गेली, पण निरोप पोहोचला नाही. किंवा दिसलं, पण नियमाने त्याला समस्या मानलंच नाही. किंवा मुळात दिसलंच नाही: आलेख सपाट ‘चालू’ दाखवतो, नाहीतर त्या वेळेपुरता रिकामा आहे. सपाट रेघ आणि रिकामी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सपाट रेघ म्हणजे चुकीचं उत्तर मिळत होतं. रिकामी जागा म्हणजे उत्तर मिळतच नव्हतं. बरेच जण इथेच दोन्हींची सरमिसळ करतात.

निरोप पोहोचला नसेल तर

हा भाग लवकर उरकतो. झॅबिक्समध्ये रिपोर्ट्सखाली ॲक्शन लॉग आहे, त्यात पाठवण्याची प्रत्येक धडपड आणि तिची एरर दिसते. लॉगमध्ये काहीच नसेल तर ज्याला मेल जायचा त्या वापरकर्त्याला त्या होस्ट ग्रुपवर निदान वाचण्याची परवानगी आहे का ते बघा. ती नसेल तर झॅबिक्स त्याला काही पाठवत नाही आणि तक्रारही करत नाही. त्याच्या मीडियामध्ये कोणत्या तीव्रतेचे अलर्ट आणि कोणत्या वेळात, हेही तपासा. प्रोमिथियसचे अलर्ट पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरमध्ये कोणीतरी घालून विसरलेला सायलेन्स (अलर्ट तात्पुरता गप्प करणारा नियम) शोधा. ठरावीक वेळी अलर्ट गप्प ठेवण्याची सोय तिथे वापरली असेल, तर वेगळा टाइमझोन न दिल्यास ती वेळ यूटीसीप्रमाणे, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागच्या घड्याळाप्रमाणे, धरली जाते. सकाळी अलर्ट अडतात आणि रात्री देखभाल चालू असताना धडाधड येतात, यामागे बहुधा हेच असतं.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमधली ‘सेंड ॲन ई-मेल’ ही ॲक्शन सर्व्हर २०१२ पासून बाद ठरवलेली आहे. जुन्या सर्व्हरवरून उचललेला टास्क नव्यावर त्यामुळेच अडतो. त्याऐवजी स्क्रिप्ट चालवा. पॉवरशेलचं सेंड-मेलमेसेज हेही आता कालबाह्य म्हणून घोषित आहे, म्हणून नव्याने काही बांधताना मेलपेक्षा चॅटच्या वेबहुककडे (निरोप थेट चॅटमध्ये टाकणारा वेब पत्ता) वळलेलं बरं. टास्क ‘वापरकर्ता लॉगऑन असो वा नसो’ या पर्यायावर नसेल, तर तुम्ही लॉगऑफ केलं की तो चालणार नाही.

आणि एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो पण विचारावीच: अलर्टचा मेल ज्या मेल सर्व्हरमधून जातो, बंद पडलेली सर्व्हिस त्याचीच तर नव्हती?

विंडोज: घटनेवर पहारा की स्थितीवर?

आता खरा मुद्दा. विंडोजमध्ये सर्व्हिस थांबल्याचं कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सिस्टम लॉगमधल्या सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरच्या नोंदींवर नजर ठेवायची. दोन, ठरावीक वेळाने जाऊन ‘आत्ता चालू आहेस का’ असं विचारायचं. पहिला मार्ग आकर्षक वाटतो, कारण काहीही बसवावं लागत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंदीवर उजवं क्लिक करून ‘अटॅच टास्क टू धिस इव्हेंट’ केलं की झालं. निम्म्याहून अधिक घोळ याच मार्गावर होतात.

कारण थांबण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळा इव्हेंट क्रमांक आहे. कोणी रीतसर थांबवली तर फक्त ७०३६ येतो, आणि तोही माहितीपर पातळीचा. फिल्टर ‘एरर’ पातळीवर लावलेला असेल तर तो दिसणारच नाही. शिवाय ७०३६ सुरू होतानाही येतो आणि थांबतानाही; फरक फक्त संदेशातल्या एका शब्दात, आणि तो शब्द त्या विंडोजच्या भाषेत. प्रोसेस अचानक मेली तर ७०३४. सर्व्हिसने स्वतःच एरर देऊन माघार घेतली तर ७०२३ किंवा ७०२४. सुरूच होऊ शकली नाही तर ७०००, आणि सुरू होताना ३० सेकंदांत प्रतिसाद दिला नाही म्हणून सोडून दिली तर सोबत ७००९.

यातला सर्वात फसवा सापळा ७०३४ आणि ७०३१ या जोडीत आहे. समजा तुम्ही ७०३४ वर टास्क लावलाय. तो नीट चालतो. पुढे एखादा सहकारी, अगदी चांगल्या हेतूने, त्या सर्व्हिसच्या रिकव्हरी टॅबमध्ये जाऊन ‘पहिल्या वेळी रिस्टार्ट, दुसऱ्या वेळी रिस्टार्ट’ असं लावून ठेवतो. त्या क्षणापासून सर्व्हिस अचानक मेली की ७०३४ ऐवजी ७०३१ नोंदला जातो, कारण आता पुढची कारवाई ठरलेली आहे. तुमचा टास्क ७०३४ ची वाट बघत बसतो. सर्व्हिस मरते, उठते, मरते, उठते. अलर्ट नाही. ज्या बदलाने व्यवस्था सुधारली असं सगळ्यांना वाटत होतं, त्याच बदलाने पहारा उठवला.

म्हणून इव्हेंटवरच विसंबायचं असेल तर ७०००, ७००९, ७०२३, ७०२४, ७०३१ आणि ७०३४ हे सगळे एका फिल्टरमध्ये घ्या. ७०३१ आणि ७०३४ च्या मजकुरात ‘असं आजवर इतक्या वेळा झालं’ हा आकडाही असतो, तो अलर्टमध्ये जरूर घ्या.

रिकव्हरी टॅबबद्दल अजून एक. रिस्टार्ट लावूनही सर्व्हिस उठत नाही अशी तक्रार असते. मुळात ही कारवाई तेव्हाच होते जेव्हा प्रोसेस ‘मी थांबले’ असं न सांगताच नाहीशी होते. सर्व्हिसने एरर कोड देऊन स्वतःहून थांबल्याचं कळवलं, तर विंडोज ते रीतसर थांबणं समजतं आणि हात लावत नाही. त्यासाठी त्याच टॅबवर ‘इनेबल ॲक्शन्स फॉर स्टॉप्स विथ एरर्स’ ही चौकट टिक करावी लागते. आणि सर्व्हिस शून्य कोड देऊन थांबली तर त्या चौकटीचाही उपयोग नाही.

पण फिल्टर कितीही नेटका केला तरी एक उणीव राहतेच. पॅच लावून सर्व्हर रीबूट झाला आणि सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप कोणीतरी ‘मॅन्युअल’ करून ठेवलेला होता, तर ती सुरू होणार नाही आणि एररही येणार नाही. काहीही घडलेलंच नाही, मग नोंद कशाची होणार? आणि अख्खा सर्व्हरच बसला तर त्यावरचा टास्क निरोप पाठवणार कसा? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाया स्थितीच्या तपासणीचा ठेवा, आणि ती तपासणी दुसऱ्या मशीनवरून करा. इव्हेंट कारण सांगायला वापरा.

स्थिती विचारताना डब्ल्यूएमआयच्या (विंडोजला तिची माहिती विचारण्याची सोय) विन३२-सर्व्हिसमधून ‘स्टेट’ आणि ‘स्टार्टमोड’ सोबत ‘एक्झिटकोड’ही मागून घ्या. अलर्टमध्ये हा एक आकडा आला की अर्धं निदान बिछान्यातूनच होतं. १०६७ म्हणजे प्रोसेस अचानक संपली. १०६९ म्हणजे लॉगऑन फसलं, बहुधा सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदललाय आणि सर्व्हिसमध्ये जुनाच आहे. १०६८ म्हणजे ती ज्या सर्व्हिसवर अवलंबून आहे तीच उठली नाही. १०७७ म्हणजे रीबूटनंतर तिला सुरू करण्याचा प्रयत्नच झालेला नाही. स्टार्टअप टाइप बघा. शून्य असेल तर ती शांतपणे थांबलेली किंवा थांबवलेली आहे.

लिनक्स: सिस्टमडीचं मौन

लिनक्सवर सर्व्हिस सुरू करण्याचं आणि सांभाळण्याचं काम सिस्टमडी करतं. सर्वसाधारण मांडणी अशी असते: सर्व्हिसची सेटिंग असलेल्या युनिट फाइलमध्ये ‘ऑनफेल्युअर’ लिहून एका छोट्या टेम्पलेट युनिटकडे बोट दाखवायचं, आणि ते युनिट बंद पडलेल्या सर्व्हिसचं नाव घेऊन निरोप पाठवतं. कल्पना उत्तम आहे. पण ‘ऑनफेल्युअर’ फक्त युनिट ‘फेल्ड’ अवस्थेत गेल्यावरच चालतं, आणि सर्व्हिस बंद असूनही ‘फेल्ड’ नसण्याच्या वाटा बऱ्याच आहेत.

सिस्टमसीटीएल या सिस्टमडीच्या कमांडने थांबवली तर ती ‘इनॲक्टिव्ह’ होते, ‘फेल्ड’ नाही. प्रोसेस शून्य कोड देऊन संपली तरी तेच. साध्या किल कमांडने, म्हणजे सिगटर्म पाठवून मारली तरीही ते स्वच्छ मरणच धरलं जातं. सिगहप, सिगइंट आणि सिगपाइप हेही त्याच रांगेत. म्हणून ‘अलर्ट चालतो का बघू’ म्हणत स्टॉप केलं आणि काहीच आलं नाही, तर मांडणी चुकलेली असेलच असं नाही. सिगकिल, म्हणजे सक्तीने मारणारा सिग्नल, पाठवून बघा.

यापेक्षा गहन प्रकार रिस्टार्टचा आहे, आणि ‘सर्व्हिस तासभर खाली होती पण अलर्ट नाही’ या तक्रारीचं लिनक्सवरचं पहिलं संशयित कारण माझ्या लेखी तेच. ‘रिस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ (नाव सारखं, पण सेटिंग वेगळी: कोसळली तर परत सुरू कर) लावलेलं असेल तर सर्व्हिस कोसळल्यावर सिस्टमडी तिला लगेच ‘फेल्ड’ म्हणत नाही. आधी परत उभं करून बघतं. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या वेळा प्रयत्न करून झाल्यावरच हात टेकतं, आणि तेव्हा कुठे ‘ऑनफेल्युअर’ची पाळी येते. मूळचे आकडे असे आहेत: १० सेकंदांत ५ वेळा सुरू करण्याची मुभा, आणि दोन प्रयत्नांमध्ये १०० मिलिसेकंदांची विश्रांती. सुरू होताक्षणी कोसळणारी सर्व्हिस सेकंदाच्या आत ही मुभा संपवते, लॉगमध्ये ‘फार वेगाने परत परत सुरू करण्याची विनंती’ अशा अर्थाची ओळ येते, अलर्ट निघतो.

आता कोणीतरी ‘रिस्टार्टसेक’, म्हणजे ती विश्रांती, ५ सेकंद करतो. सल्ला चांगलाच आहे, डेटाबेसवर ताण येत नाही. पण हिशेब करून बघा. दर ५ सेकंदांनी एक प्रयत्न, म्हणजे १० सेकंदांच्या खिडकीत फार तर दोन-तीन प्रयत्न. पाचाची मर्यादा कधीच गाठली जात नाही. सर्व्हिस अनंत काळ कोसळत आणि उठत राहते, स्टेटस बघितलं तर ‘ॲक्टिव्हेटिंग’ आणि कंसात ‘ऑटो-रिस्टार्ट’, ‘फेल्ड’च्या यादीत तिचं नाव नाही, आणि अलर्ट कधीच जात नाही. सुरू होऊन तीन-चार सेकंद चालून मग कोसळणारी सर्व्हिसही मूळच्या आकड्यांवर याच चक्रात अडकते.

उपाय सोपा आहे. ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ (मूळची १० सेकंदांची खिडकी) इतकं मोठं ठेवा की त्यात सगळे प्रयत्न ऐसपैस बसतील. ५ सेकंदांची विश्रांती आणि ५ प्रयत्न असतील तर २५ सेकंद आणि त्यावर दर वेळी सर्व्हिस जितकी चालते तो काळ. सरळ ३०० ठेवलं तरी बिघडत नाही. एवढं करून अलर्टसाठी सर्व्हिस पूर्ण मरायची वाट बघायची नसेल, तर ‘एनरिस्टार्ट्स’ या गुणधर्मावर नजर ठेवा. सिस्टमसीटीएल शो केलं की तो दिसतो. आकडा वाढतोय म्हणजे सर्व्हिस मरतेय, मग या क्षणी स्टेटस हिरवं का असेना.

युनिट फाइल बदलताना विभाग तपासा. ‘ऑनफेल्युअर’ आणि ‘स्टार्टलिमिट’वाल्या ओळी ‘युनिट’ विभागात, ‘रिस्टार्ट’ आणि ‘रिस्टार्टसेक’ ‘सर्व्हिस’ विभागात. ‘ऑनफेल्युअर’ चुकून ‘सर्व्हिस’ विभागात गेलं तर सिस्टमडी जर्नलमध्ये एक ओळ लिहून ते दुर्लक्षित करतं आणि पुढे जातं. सिस्टमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय चालवलं की अशी ओळ सापडते. बदलानंतर डीमन-रीलोड विसरू नका.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सवर पोस्टग्रेस या डेटाबेसचं प्रकरण वेगळं सांगण्यासारखं आहे. तिथलं ‘पोस्टग्रेसक्यूएल’ नावाचं मुख्य युनिट ही नुसती छत्री आहे. ते काहीही चालवत नाही, एक पोकळ कमांड चालवून ‘ॲक्टिव्ह’ आणि कंसात ‘एक्झिटेड’ असं दाखवत राहतं. खरा डेटाबेस चालतो तो आवृत्ती आणि क्लस्टरचं नाव असलेल्या वेगळ्या युनिटमध्ये. छत्रीवर अलर्ट लावला तर डेटाबेस आडवा पडला तरी छत्री उघडीच. इतिहासात सपाट ‘चालू’ रेघ दिसत असेल तर हा प्रकार आधी तपासा. स्टेटसमध्ये ‘रनिंग’ऐवजी ‘एक्झिटेड’ दिसलं की सावध व्हायचं.

विचारताच आलं नाही, तर?

इतिहासात रिकामी जागा सापडली असेल तर इथे थांबा. नेटवर्कवरून तपासणी करताना उत्तरं दोन नसतात, तीन असतात: चालू, बंद, आणि ‘विचारता आलं नाही’. हे तिसरं उत्तर बहुतेक घरगुती स्क्रिप्ट्स गिळून टाकतात.

पॉवरशेलची नमुनेदार स्क्रिप्ट घ्या. सर्व्हरची यादी, प्रत्येकावरच्या बंद सर्व्हिस मोजायच्या, आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर निरोप. सोबत ‘एररॲक्शन सायलेंटलीकंटिन्यू’, कारण लाल ओळी कोणालाच आवडत नाहीत. आता एका सर्व्हरवर फायरवॉल बदलली. डब्ल्यूएमआय डीकॉम या जुन्या मार्गावरून जात असेल तर त्याला पोर्ट १३५ आणि वर ४९१५२ ते ६५५३५ मधलं कोणतंही पोर्ट लागतं. विनआरएम या नव्या मार्गावरून जात असेल तर ५९८५ किंवा ५९८६. ते बंद झालं की कनेक्शन फसतं, यादी रिकामी येते, बंद सर्व्हिसची संख्या शून्य भरते, आणि स्क्रिप्ट म्हणते सगळं ठीक आहे. ‘आरपीसी सर्व्हर अनुपलब्ध’ ही एरर कधीच कोणाला दिसली नाही. परवानगीचंही तसंच. ॲडमिन नसलेल्या अकाउंटला दुसऱ्या मशीनवरून सर्व्हिसची यादी अपुरी किंवा रिकामी मिळू शकते. मॉनिटरिंग अकाउंटचा पासवर्ड मुदतीत संपला तर एकाच वेळी सगळे सर्व्हर ‘ठीक’ होतात, आणि इतकी शांतता संशयास्पद वाटायला हवी. ज्या सर्व्हिस असायलाच हव्यात त्यांची नावं देऊन विचारा. उत्तर आलं नाही तर तोच अलर्ट.

जुनी स्क्रिप्ट पॉवरशेल ७ वर हलवली असेल तर गेट-सर्व्हिसचा ‘कंप्युटरनेम’ हा पॅरामीटर तिथे नाही, तो आवृत्ती ६ पासून काढून टाकला आहे. इन्व्होक-कमांड वापरा.

प्रोमिथियसमध्ये हाच दोष जास्त सभ्य वेशात येतो. ‘सर्व्हिसची रनिंग स्थिती शून्य’ असा नियम लिहिलेला असतो. सर्व्हर पूर्ण बंद पडला की एक्स्पोर्टरकडून (सर्व्हरवरून आकडे पुरवणारा छोटा प्रोग्राम) काहीच येत नाही, मालिका नाहीशी होते, आणि नियमाला जुळणारं काही उरत नाही. म्हणजे अलर्ट येत नाहीच, उलट आधीच वाजत असलेला अलर्ट ‘निवळला’ म्हणून निरोप येतो! म्हणून ‘अप’ हा मेट्रिक (आकडे मिळतायत का हे सांगणारा) शून्य झाल्याचा नियम वेगळा हवाच, आणि महत्त्वाच्या सर्व्हिससाठी ‘ॲब्सेंट’ (मालिकाच नाही हे ओळखणारं फंक्शन) वापरलेला दुसरा. लिनक्सच्या नोड एक्स्पोर्टरमध्ये सिस्टमडी कलेक्टर मुळात बंदच असतो, तो चालू करावा लागतो. अनेकांचा नियम त्यामुळे जन्मापासूनच रिकाम्या मेट्रिकवर बसलेला असतो.

झॅबिक्सच्या सर्व्हिस.इन्फो आयटममध्ये ० म्हणजे चालू, ६ म्हणजे थांबलेली आणि २५५ म्हणजे अशी सर्व्हिसच नाही. ट्रिगर ‘६ असेल तर’ असा लिहिला तर अपग्रेडमध्ये सर्व्हिसचं नाव बदलल्यावर २५५ येत राहतं आणि ट्रिगर ढिम्म. ‘० नसेल तर’ असा लिहा. एजंटच (सर्व्हरवर बसवलेला झॅबिक्सचा प्रोग्राम) पोहोचत नसेल तर ट्रिगर जुन्या उत्तरावर बसून राहतो. तिथे नोडेटा (माहितीच आली नाही हे ओळखणारं) फंक्शन किंवा एजंट उपलब्धतेचा ट्रिगर लागतो. नागिऑसमध्ये तिसरं उत्तर ‘अननोन’ या नावाने, कोड ३ म्हणून येतं. नोटिफिकेशन पर्यायांत त्याचं अक्षर घातलेलं नसेल तर ते फक्त पडद्यावर केशरी दिसत राहतं.

दिसलं, पण नियमाने मोजलं नाही

इथे वेळेचं गणित आहे. दर ५ मिनिटांनी तपासणी, गडबड दिसली की दर मिनिटाला फेरतपासणी, आणि सलग ३ वेळा दिसलं तरच खरं, ही नागिऑसची नेहमीची मांडणी. सर्वात वाईट वेळी अलर्ट निघायला सुमारे ७ मिनिटं लागतात. सर्व्हिस ६० सेकंदांनी आपोआप उठत असेल तर ती बहुतेक वेळा तपासणीत सापडणारच नाही, आणि सापडली तरी सलग तीनदा नाही. प्रोमिथियसच्या ‘फॉर’लाही (अट इतका वेळ टिकली तरच अलर्ट) हेच लागू. हा विलंब चुकीचा नाही, रीबूटच्या वेळचा गोंगाट त्यानेच टळतो. पण उठबस करणाऱ्या सर्व्हिसला पकडायचं असेल तर स्थितीऐवजी प्रोसेस सुरू झाल्याची वेळ किंवा रिस्टार्टची संख्या बघा. तासाभरात ती तीनदा बदलली तर अलर्ट.

अलर्टचा पूर

उलट तक्रार: अलर्ट आला होता, पण शंभरांत एक होता. विंडोजवर याचं मूळ बहुधा ‘ऑटोमॅटिक असूनही बंद असलेली प्रत्येक सर्व्हिस’ या नियमात सापडतं. ऐकायला हा नियम बिनतोड वाटतो. पण सॉफ्टवेअर प्रोटेक्शन, डाउनलोडेड मॅप्स मॅनेजर, एज आणि गूगलचे अपडेटर अशा कितीतरी सर्व्हिस ऑटोमॅटिक असूनही काम झालं की स्वतःहून थांबतात. काही ‘ट्रिगर स्टार्ट’ असतात, काही ‘डिलेड स्टार्ट’ म्हणजे बाकीच्यांनंतर साधारण दोन मिनिटांनी उठणाऱ्या. रोज सकाळी त्यांचे मेल येतात, कोणीतरी मेलबॉक्समध्ये नियम लावून ते एका फोल्डरात ढकलतं, आणि खरा अलर्टही त्याच फोल्डरात जातो.

वगळायच्या सर्व्हिसची यादी वाढवत नेण्यापेक्षा हव्या असलेल्यांची यादी करा, सर्व्हरच्या कामाप्रमाणे. डेटाबेस सर्व्हरवर चार नावं, वेब सर्व्हरवर तीन, डोमेन कंट्रोलरवर पाच-सहा. नवीन सर्व्हिस बसली तर ती यादीत येत नाही हा याचा तोटा. ७०४५ हा इव्हेंट नवी सर्व्हिस बसल्यावर येतो, त्याचा आठवड्याचा अहवाल काढला की भरपाई होते.

आणि एक स्विच गेला म्हणून वीस सर्व्हरांचे दीडशे अलर्ट येऊ नयेत यासाठी झॅबिक्समध्ये ट्रिगर डिपेंडन्सी, नागिऑसमध्ये पेरेंट्स आणि अलर्टमॅनेजरमध्ये इनहिबिशन आहे. लावा. अर्धा दिवस जातो, पण वाया जात नाही.

चालू आहे, पण काम करत नाही

‘रनिंग’ ही अवस्था म्हणजे सर्व्हिसने शेवटचं जे सांगितलं ते. आत ती अडकून पडली असेल तर विंडोजला त्याचा पत्ता नसतो. विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये तर हे रोजचं: त्याची डब्ल्यू३एसव्हीसी ही सर्व्हिस चालू असते, पण ॲप्लिकेशन पूल (साइट चालवणाऱ्या प्रोसेसचा गट) मूळच्या सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांत ५ वेळा कोसळला की रॅपिड-फेल प्रोटेक्शन त्याला बंद करून टाकतं. वापरकर्त्याला ५०३ (सेवा उपलब्ध नाही) दिसतो, लॉगमध्ये ५००२ ची नोंद होते, आणि सर्व्हिसवरचा अलर्ट गप्प.

पोर्ट उघडं आहे का हे बघणंही पुरेसं नाही. प्रोसेस गोठलेली असली तरी रांगेत जागा असेपर्यंत कर्नल नवी कनेक्शन घेत राहतो, त्यामुळे टीसीपी तपासणी खुशाल पास होते. खरी विनंती पाठवा आणि उत्तर तपासा: वेबसाठी एखादं पान आणि त्यातला एक ठरावीक मजकूर, डेटाबेससाठी एक छोटी क्वेरी, डीएनएससाठी एक नाव. स्वतःच्या हातात कोड असेल तर सिस्टमडीचा वॉचडॉग वापरा. सर्व्हिसने ठरलेल्या मुदतीत जिवंत असल्याची खूण पाठवली नाही तर सिस्टमडी तिला मारतं, आणि हे मरण ‘फेल्युअर’मध्ये धरलं जातं.

चाचणी अशी घ्या

नुसतं स्टॉप करून मेल आला की समाधान मानू नका. कमी महत्त्वाच्या एका सर्व्हरवर, सगळ्यांना कल्पना देऊन, सर्व्हिसला वेगवेगळ्या तऱ्हेने थांबवा. रीतसर स्टॉप. मग टास्ककिल जबरदस्तीने किंवा सिगकिल; विंडोजवर ती सर्व्हिस इतरांसोबत एकाच एसव्हीसीहोस्ट प्रोसेसमध्ये राहत नाही ना, हे आधी बघा, नाहीतर शेजारीही जातील. मग गोठवून बघा: लिनक्सवर सिगस्टॉप, विंडोजवर रिसोर्स मॉनिटरमधलं सस्पेंड. मग स्टार्टअप डिसेबल करून रीबूट. मग सर्व्हिस चालू ठेवून फक्त मॉनिटरिंगचं पोर्ट फायरवॉलवर अडवा. शेवटी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मुद्दाम चूक करून तिला सतत कोसळू द्या आणि अर्धा तास तशीच सोडा. प्रत्येक वेळी अलर्ट किती मिनिटांत यायला हवा ते आधी लिहून ठेवा, मग घड्याळ बघा. या मालिकेत पहिल्या फेरीत सगळं पास होणारी मांडणी क्वचितच सापडते. गोठवणं आणि सतत कोसळणं या दोन ठिकाणी बहुतेक अडतात.

मॉनिटरिंग सर्व्हर स्वतः बंद पडला तर यातलं काहीच चालणार नाही. त्यासाठी कायम वाजत राहणारा एक अलर्ट ठेवतात. प्रोमिथियसमध्ये नेहमी खरी ठरणारी एका ओळीची अट पुरते. तो दर काही मिनिटांनी बाहेरच्या, वेगळ्या नेटवर्कवरच्या यंत्रणेकडे जात राहतो, आणि तो यायचा थांबला की ती यंत्रणा तुम्हाला फोन करते. अलर्टमॅनेजर तोच अलर्ट मूळच्या सेटिंगप्रमाणे ४ तासांनीच परत पाठवतो, तेव्हा या एका मार्गासाठी ‘रिपीट इंटरव्हल’ मिनिटांवर आणा. सोबत ‘ग्रुप इंटरव्हल’ही कमी करा, तो मूळचा ५ मिनिटांचा असतो आणि त्याहून लवकर निरोप निघत नाही.